पाटीसमोरचे पांढरे सदरे

कार्नोच्या बेसबॉल मैदानात पुरुष कोट काढत नाहीत. ऑगस्टच्या उन्हात रस्त्याचं डांबर पायाला चिकटत असलं तरी नाही. बाहेरगावच्या संघांबरोबर आलेली माणसं बाह्या सरसावून, टोपीने वारा घेत बसतात आणि आमच्या म्हाताऱ्यांकडे बघून हसतात. म्हातारे गळ्यापर्यंत बटणं लावून घाम पुसत असतात. कुणी विचारलंच तर "सवय आहे" म्हणतात आणि पुन्हा खेळाकडे बघतात. लग्न होऊन गावात आलेल्या मुलींनासुद्धा खरं कारण कुणी पटकन सांगत नाही. एमिल ह्रुस्का माझ्या वर्गात शिकला आणि त्या सोमवारी मी त्याच्या बायकोशेजारी बसले होते, म्हणून मी सांगते.

कार्नो म्हणजे पाटीच्या दगडाची खाण आणि तिच्या कडेने चढत गेलेली घरं. आमची छपरं त्याच दगडाची, पायऱ्या त्याच्याच, शाळेचे फळेही त्याचेच. एमिलचे वडील दगडाच्या लाद्या फोडायचे. एमिल चौथीत होता तेव्हापासून त्यांना खोकला होता आणि सहावीत गेला तेव्हा ते गेले. दगडाच्या धुळीने खाणीतली बरीच माणसं तशीच जात. आधी जिना चढताना थांबायची, मग सपाट रस्त्यावर थांबायची, मग घराबाहेर दिसायचीच नाहीत. गावाला ते इतकं माहीत होतं की त्याबद्दल कुणी बोलत नसे.

वर्गात एमिल शेवटच्या बाकावर बसायचा. अभ्यासात बेताचा, स्वभावाने लाजरा. पण फळ्यावर मी कितीही बारीक लिहिलं तरी तो तिथून वाचायचा. शाळा सुटली की खाणीच्या कचऱ्यातून दगडाच्या चपट्या कपच्या गोळा करायच्या, दुसऱ्या कुणाला तरी त्या फेकायला लावायच्या आणि कुदळीच्या मोडक्या दांड्याने टोलवायच्या, हा त्याचा खेळ. कपची हवेत कशी वळेल याचा नेम नसतो. एमिलला तो कळायचा. मी एकदा रागावले, "अरे, डोळ्याला लागेल ना!" तर म्हणाला, "नाही लागणार बाई. मला दिसते ना ती."

मोठा झाल्यावर तो हिवाळ्यात खाणीत आणि उन्हाळ्यात गावाच्या संघात, असं करू लागला. आमचा संघ पगारी होता, पण सगळ्यांत खालच्या पायरीचा. आठ गावांच्या आठ संघांची साखळी, खडखडत्या बसमधून आज इथे, उद्या तिथे. मैदान खाणीने दिलेलं, म्हणून त्याच्या टोकाला, पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, बरोबर मागे, खाणीतल्या नापास लाद्यांची उंच भिंत उभी केलेली होती. गाव तिला 'पाटी' म्हणायचं. तिच्यासमोर कधीच कुणाला बसू देत नसत. फटका मारणाऱ्याच्या नजरेत पिचरचा हात आणि त्याच्यामागे ती काळी पाटी, एवढंच असायचं. एमिल मला म्हणाला होता, "बाई, तुम्ही फळ्यावर खडूने टिंब काढता ना, तस्सा दिसतो चेंडू. मग नुसतं ते टिंब पुसायचं."

ही गोष्ट एकोणीसशे पन्नास सालची. त्या उन्हाळ्यात एमिल एकोणतीस वर्षांचा होता आणि असा खेळत होता की न्हावी वॉल्टर पेंगेली याने दुकानाच्या खिडकीत एक छोटी पाटी टांगली आणि तिच्यावर साखळीतल्या पहिल्या पाच फटकेबाजांची नावं आणि आकडे खडूने लिहायला सुरुवात केली. हजार पाळ्यांमागे किती फटके साधले, अशी ती सरासरी असते. मे महिन्यात एमिल तिसरा होता. जूनच्या अखेरीला पहिला. पुढे सगळा उन्हाळा वरची दोनच नावं जागा बदलत राहिली, आमचा एमिल ह्रुस्का आणि नदीपलीकडच्या टॅमरॅक गावचा लॉनी डेकर. लोक दाढी वाढलेली नसतानाही वॉल्टरकडे जायचे.

जुलैत वरच्या पायरीच्या एका संघाचा माणूस तीन दिवस गावात राहिला, कुणाशी फारसा बोलला नाही आणि जाताना संघाच्या मॅनेजरला, ऑरिन टटलला, सांगून गेला की या साखळीत जो पहिला येईल त्याला वरच्या संघात बोलावणं येईल. एकालाच. दुसऱ्याला नाही.

एमिलची बायको व्हर्ना माझ्या शेजारच्या घरात राहायची. तीही माझीच विद्यार्थिनी, हिशेबात पक्की आणि बोलायला फटकळ. तिला फटके, आकडे कशाचंच कौतुक नव्हतं. तिने त्या उन्हाळ्यात एमिलला जिना चढताना थांबलेलं पाहिलं होतं. एकदाच. त्याने बुटाचा बंद बांधायला वाकल्यासारखं केलं. तिने मला सांगितलं तेव्हा ती कपडे वाळत घालत होती आणि चिमटा तोंडात धरूनच बोलली, म्हणजे आवाज फुटला तरी कळू नये.

"बाई, हा अजून एक हिवाळा खाणीत गेला ना, तर संपलं. तो पहिला आला तरच सुटका आहे."

"येईल गं."

"येईल. तोपर्यंत टोपीशिवाय काय आहे त्याच्या डोक्यावर?"

तेव्हा फटका मारणारे खरोखरच कापडी टोपी घालून उभे राहत. मी तिला हसून "दृष्ट लागेल असं बोलू नये" म्हणाले, पण मलाही ते वाक्य घरात घेऊन जाववेना.

ऑगस्टच्या शेवटी एमिल संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसला. मग म्हणाला, "बाई, मी गेलो तर लोक काय म्हणतील? एमिल पळाला म्हणतील?"

"कोण म्हणेल असं?"

"तोंडावर कुणी नाही म्हणणार. पण ग्रिफकाका रोज खाली उतरणार, माझ्या वडिलांची छिन्नी अजून त्यांच्याकडे आहे, आणि मी कुठेतरी गवतावर पळत असणार."

ग्रिफ बेव्हन म्हणजे खाणकामगारांच्या युनियनचा पुढारी. एमिलच्या वडिलांबरोबर त्याने एकाच कड्यावर काम केलं होतं. छातीने रुंद, आवाजाने मोठा, मनाने लोण्यासारखा. एमिलचं कौतुक करायची कल्पना त्याचीच. हंगामाचा शेवटचा सामना कामगार दिनाला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, आमच्याच मैदानावर आणि टॅमरॅकशीच होता. त्या दिवसाला 'एमिल ह्रुस्का दिवस' म्हणायचं ठरलं. युनियनची मिरवणूक निघेल, थेट मैदानात जाईल, एमिलला एक झुलती खुर्ची आणि व्हर्नाला भरतकामाची रजई देतील. आणि एवढी माणसं बसवायची कुठे, तर ग्रिफच्या माणसांनी शनिवार-रविवार खपून लाकडी बाकांच्या चढत्या रांगा उभ्या केल्या. पाटीसमोर. मैदानात तेवढीच मोकळी जागा होती.

सोमवारी सकाळी एमिलने ती बाकं पाहिली. मी व्हर्नाबरोबर फराळाचं सामान घेऊन आले होते, म्हणून मलाही दिसलं. तो फटका मारायच्या जागी जाऊन उभा राहिला, हातात काही नव्हतं, आणि नुसता समोर बघत राहिला. ऑरिन टटल त्याच्याजवळ गेला.

"मी तुझ्या जागी असतो तर आज पाठ धरली सांगून बसलो असतो," ऑरिन म्हणाला. "तू पुढे आहेस. एका केसाने का होईना, पण आहेस. तू बसलास आणि डेकरचा हात चालला नाही, तरी तूच पहिला."

"माझ्या दिवसाला मीच बसू? मग ते टाळ्या कुणाला वाजवणार, खुर्चीला?"

"खुर्ची निदान डोक्यावर चेंडू खात नाही."

एमिल हसला, पण ग्रिफकडे गेला. ग्रिफ मिरवणुकीच्या तयारीत होता. काळा सूट, काळा टाय आणि आत पांढराशुभ्र सदरा. आमच्या खाणीतला माणूस आठवडाभर डोक्यापासून पायापर्यंत राखाडी असतो, म्हणून सणाला सदरा पांढरा हवा म्हणजे हवाच. बायका आदल्या दिवशी निळीच्या पाण्यातून काढून कडक इस्त्री करत. रस्त्यात एकमेकांच्या कॉलरी बघत.

"काका, एक सांगायचं होतं," एमिल म्हणाला. "लोक पाटीसमोर बसणार ना, तर कोट अंगावर राहू द्या म्हणावं. मागे काळं असलं म्हणजे चेंडू दिसतो."

"एवढंच? अरे, कातडी काढतील पण कोट नाही काढणार! तू बिनधास्त हाण."

ग्रिफने तसं सांगितलंही सगळ्यांना. त्याचा शब्द खोटा नव्हता.

मिरवणूक आली, बँड आला, खुर्ची आली. एमिलने चार शब्द बोलायचे होते, तो दोनच बोलला. मग ते सगळे पाटीसमोरच्या बाकांवर जाऊन बसले. खरं सांगते, सुंदर दिसत होतं. काळ्या पाटीपुढे काळ्या कोटांच्या रांगा, मध्ये फक्त चेहरे आणि गळ्याशी पांढरी पट्टी. व्हर्ना आणि मी सावलीतल्या बाकांवर, फटका मारणाऱ्याच्या मागच्या बाजूला होतो. म्हणजे एमिलला जे दिसत होतं तेच आम्हालाही दिसत होतं.

पहिल्या डावात लॉनी डेकरचा फटका झेलला गेला. एमिलने दुसऱ्याच चेंडूला असा टोला दिला की तो दोन माणसांच्या मधून घसटत लांब गेला. गाव नाचलं. व्हर्नाने श्वास सोडला आणि मला म्हणाली, "झालं ना बाई? आता पुरे ना?"

मग ऊन चढलं. वारा पडला. दगडी पाटी सकाळपासून तापत होती आणि आता ती मागून भट्टीसारखी धग फेकू लागली असणार, कारण सगळ्यांत वरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने कोट काढून मांडीवर घेतला. काळ्यात एक पांढरा चौकोन उमटला. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी दुसरा. मी उगाचच तिकडे बघत राहिले. फळ्यावर कुणीतरी सावकाश काहीतरी लिहावं, तसं वाटत होतं.

लॉनी डेकर पुन्हा आला तेव्हा दहा-बारा जणांचे कोट उतरले होते. त्याने एक चेंडू नुसता जाऊ दिला. दुसऱ्यावर बॅट फिरवली आणि ती चेंडूपासून हातभर लांब गेली. मग तो बाजूला झाला आणि अंपायरशी बोलला. अंपायर परगावचा, वयस्क. तो चालत चालत बाकांपाशी गेला आणि हाताने कोट घालायच्या खुणा करू लागला.

आता इथे जे झालं ते दुसऱ्या कुठल्या गावात झालं नसतं. तक्रार टॅमरॅकच्या माणसाने केली, एवढंच आमच्या लोकांना दिसलं. नदीपलीकडचा, पहिल्या नंबरसाठी एमिलच्या मागे लागलेला माणूस एमिलच्या दिवशी आमच्या सदऱ्यांना नावं ठेवतो!

"काय रे लॉनी, डोळे दिपले का?"

"याच्या गावात सदरे धूत नाहीत वाटतं!"

"आईला बोलव, हात धरील डोळ्यांवर!"

हशा पिकला. अंपायर काय म्हणतोय ते कुणाला ऐकूच आलं नाही. आणि ग्रिफ बेव्हन, ज्याने सकाळी शब्द दिला होता, तो मधल्या रांगेत उभा राहिला. त्याचा चेहरा उन्हाने आणि आनंदाने लाल झालेला. त्याने बटणं सोडली, कोट काढला आणि झेंड्यासारखा डोक्यावर फिरवला.

त्या क्षणी त्याच्या मनात एमिल नव्हताच. फक्त टॅमरॅक होतं. एकदा ग्रिफने काढला म्हटल्यावर रांगाच्या रांगा उठल्या आणि कोट उतरू लागले. बघता बघता पाटी नाहीशी झाली. तिच्या जागी पांढरं, हलणारं, चमकणारं असं काहीतरी होतं, त्याच्याकडे नीट बघवत नव्हतं.

अंपायर परत फिरला. लॉनी डेकरने बॅट खाली ठेवली, टाकली नाही, ठेवली, आणि आपल्या मॅनेजरला आमच्यापर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "मी नाही खेळत. दुसरा पाठव. मला माझी पोरं बघायचीत अजून." शिट्ट्यांच्या गदारोळात तो जाऊन बसला. त्याने पहिला नंबर सोडून दिला होता, हे टाळ्या पिटणाऱ्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ऑरिन टटलच्या मात्र ध्यानात आलं. आमचा डाव सुरू होऊन एमिलची पाळी आली तेव्हा त्याने एमिलचा दंडच धरला.

"डेकर बसला. तू जिंकलास. ऐकतोयस का? तू आत्ता, या मिनिटाला पहिला आहेस. घरी जा, खुर्चीत बस."

व्हर्ना पुढच्या कठड्यापर्यंत गेली होती. ती ओरडली नाही. गावासमोर नवऱ्याला ओरडून हाक मारणारी ती नव्हती. तिने नुसतं "एमिल" म्हटलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तिकडे, त्या पांढऱ्याकडे. ते सगळे उभे राहून त्याच्या नावाचा गजर करत होते. तिथे त्याच्या वडिलांबरोबर खाली उतरलेली माणसं होती. हात वर करून एकदा "कोट घाला" म्हणाला असता तर त्यांनी घातले असते, असं मला अजून वाटतं. पण मग टॅमरॅकचा माणूस बरोबर ठरला असता आणि एवढ्या लोकांसमोर ग्रिफकाकाने शब्द मोडल्याचं उघड झालं असतं. वसंतात तर तो त्यांना त्या धुळीत सोडून जाणारच होता. एवढं एकदा त्यांच्यासाठी उभं राहायचं, असं त्याने ठरवलेलं मला त्याच्या पाठीवरून दिसलं. सहावीतला मुलगा फळ्यापाशी यायला उठतो तेव्हाची पाठ मला ओळखता येते.

"एकदाच, ऑरिन," तो म्हणाला.

तो जागेवर गेला आणि त्याने टोपी काढून त्यांना अभिवादन केलं. ते आणखी जोरात उसळले. सगळं पांढरं वरखाली होऊ लागलं. पिचर टॅमरॅकचा, विशीतला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. चेंडू थोडा आत, एमिलच्या अंगाकडे आला, एवढंच.

एमिल हलला नाही. चेंडू चुकवणारा माणूस शेवटच्या क्षणी तरी मान मागे घेतो. त्याने घेतली नाही. तो अजून वाट बघत होता.

लादी छिन्नीखाली फुटते तेव्हा एक कोरडा, नीट आवाज होतो. आमच्या गावात तो लहान मुलालाही ओळखू येतो. मैदानात तो आवाज झाला आणि समोरच्या बाकांवरचा गजर तुटला. मग मला दिसलं की ती माणसं घाईघाईने कोट घालतायत. कुणी सांगितलं नव्हतं. एका बाहीत दोनदा हात घालत, ते सगळे कोट घालत होते. ग्रिफ मात्र सदऱ्यातच उभा होता. कोट त्याच्या पायाशी पडला होता.

एमिल वाचला. डाव्या डोळ्याची नजर गेली. इस्पितळात त्याला भेटायला पहिला आला तो लॉनी डेकर, हातात टोपी धरून. व्हर्नाला म्हणाला, "वहिनी, मी सांगितलं असतं तर..." मग स्वतःच थांबला. "सांगितलंच होतं."

वॉल्टर पेंगेलीच्या खिडकीत एमिलचं नाव पहिलंच राहिलं. वॉल्टरने ती पाटी पुसली नाही आणि काढलीही नाही, उन्हाने खडू आपोआप फिका होत गेला. वरच्या संघाचं बोलावणं लॉनीला गेलं. त्यात अन्याय काही नव्हता, एका डोळ्याने चेंडू कसा खेळणार? खाणीत कड्यावर उतरायलाही दोन डोळे लागतात, म्हणून खाणीने एमिलला वरच्या शेडमध्ये शाळांचे फळे घासायच्या कामावर घेतलं. गावातले लोक म्हणायचे, चला, निदान कड्यावरून तरी वाचला. घासायच्या शेडमध्ये धूळ कड्यापेक्षा बारीक असते. हे सगळ्यांना ठाऊक होतं. व्हर्नालाही. खोकल्याने उशीर केला इतकंच, पण तो आला.

पाटीसमोरची बाकं त्याच आठवड्यात मोडली. ग्रिफने एकट्याने मोडली, कुणाला हात लावू दिला नाही. पुढच्या उन्हाळ्यात सामने पुन्हा सुरू झाले तेव्हा माणसं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसत होती, तिथून फटका मारणाऱ्याच्या नजरेला काही होण्याचा प्रश्नच नव्हता. तरी कोट कुणी काढला नाही.

आणि दर कामगार दिनाला ग्रिफ बेव्हन एमिलच्या घरी यायचा. पहिल्या वर्षी तो फाटकापाशी उभा राहिला, आत आला नाही. दुसऱ्या वर्षी पायरीपर्यंत. मग एमिल त्या झुलत्या खुर्चीत आणि ग्रिफ समोरच्या बाकावर, असे दोघं दुपारभर बसायचे, पाऊस, युनियन, कुणाच्या घराचं छप्पर गळतं, असलं बोलत. त्या सामन्याचं नाव मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. कुंपण सामाईक असल्यामुळे ऐकू येतं सगळं.

परवाच्या कामगार दिनाला मी अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत बसले होते. ग्रिफ ऐंशीचा झाला आहे, काठी घेऊन येतो. एमिलचा उजवा डोळाही गेली दोन वर्षं मोतीबिंदूने धुरकटलाय, माणूस आवाजावरून ओळखतो आणि बोलताना मध्येच श्वासाला थांबतो. हवा इतकी कोंदट की पान हलत नव्हतं. ग्रिफचा काळा कोट गळ्यापर्यंत बंद होता आणि त्याच्या घशातून घरघर ऐकू येत होती.

"काका," एमिल म्हणाला, "उकडतंय. काढा की तो कोट."

"असू दे."

"अहो, काढा. आता मला काय दिसणार आहे?"

तो हसला. खरंच गंमत म्हणून म्हणाला, मी त्याला ओळखते. व्हर्ना दारात सरबताचे पेले घेऊन आली होती, ती तिथेच थांबली.

ग्रिफ हसला नाही. त्याने हात वर नेला, वरचं बटण लागलंय ना ते चाचपून पाहिलं आणि हात खाली घेतला.